त्यांच्या पश्चात

आमच्या सातारा-सांगली भागात माणूस गेला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चार ओळींची बातमी येते. ‘ऐक्य’मध्ये येते, ‘पुढारी’त येते, ‘सकाळ’मध्ये येते. नाव, वय, गाव आणि मग ठरलेलं वाक्य : त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, एक विवाहित मुलगी, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे. शेवटी रक्षाविसर्जनाची वेळ. ही बातमी लिहून देताना मुलगी मोजायला कुणी विसरत नाही. जावई चांगल्या हुद्द्यावर असेल तर त्याचाही उल्लेख आवर्जून होतो. पुढं महिन्या-दोन महिन्यांनी त्याच घरातून दुसरा कागद निघतो, तलाठ्याकडे द्यायचा वारस नोंदीचा अर्ज. त्यातही परिवारच मोजायचा असतो. पण तिथं हात आखडतो. माझे वडील, आण्णा, गेले तेव्हा हे दोन्ही कागद मीच लिहिले. दुसरा लिहिताना माझ्या मनात काय काय चाललं होतं, त्याची एकदा स्वतःशी नीट झडती घ्यायची आहे.

आण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. गाव वाळवा तालुक्यात, कृष्णेच्या काठी. घरची थोडी शेती, तीत ऊस. मी नोकरीमुळं साताऱ्यात, धाकटा भाऊ गावी, थोरली बहीण आक्का लग्न होऊन कराडकडे. शेवटच्या दुखण्यात आण्णांना मिरजेला हलवलं होतं. वॅनलेस डॉक्टरांनी 1894 साली मिरजेत रुग्णालय काढलं तेव्हापासून या सगळ्या मुलखाचं मोठं दुखणं मिरजेलाच जातं, आणि त्यातली कितीतरी माणसं तिथूनच परत येत नाहीत. मृत्यूची नोंद माणूस राहत होता त्या गावी होत नाही. जिथं मृत्यू झाला तिथं होते. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचा हा साधा नियम, पण दुःखात बुडालेल्या घराला तो कुणी सांगत नाही. मिरजेत गेलेल्याचा दाखला महापालिकेत मिळतो, घरी गेलेल्याचा ग्रामपंचायतीत. आमच्या शेजारच्या विटा-आटपाडीकडची गलाईवाली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी पार केरळ-तामिळनाडूपर्यंत पांगलेली आहेत. त्यांच्यातलं कुणी तिकडं गेलं तर दाखला तिकडच्याच गावाचा, तिकडच्याच भाषेतला, आणि तो घेऊन इथल्या चावडीत उभं राहायचं.

कायद्यानं खबर द्यायला 21 दिवस दिले आहेत. सावडणं, दहावा, तेरावा हे सगळं त्यात बसतं. कायदा करणाऱ्यांनी सुतकाचा विचार केला होता की नाही, मला माहीत नाही, पण मुदत माणुसकीची आहे.

नावाची अडचण आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक घरात येते. शाळेच्या दाखल्यावर ‘साहेब’ असतं त्याचं सातबाऱ्यावर ‘सो’ होतं. आधारवर तिसरंच, सोसायटीच्या कर्जखात्यावर ‘उर्फ’ लावून चौथं. मग ‘ही सर्व नावं एकाच व्यक्तीची आहेत’ असं प्रतिज्ञापत्र करायचं. आण्णांचंही केलं. आयुष्यभर हजेरीपटावर दुसऱ्यांची नावं ठसठशीत अक्षरात लिहिलेला माणूस, त्याचं स्वतःचं नाव चार ठिकाणी चार तऱ्हेनं. ते प्रतिज्ञापत्र वाचताना सेतू केंद्रातल्या बाकावर मला भडभडून आलं. घाटावर आलं नव्हतं.

या कागदांनी मला त्या दिवसांत आधार दिला, हे मान्य केलं पाहिजे. फाईल काखेत धरून निघालं की काहीतरी करतोय असं वाटायचं. झेरॉक्सचं दुकान, बँक, पंचायत समिती, वीज मंडळाचं ऑफिस. मीटर तर अजून आजोबांच्याच नावावर होता. लोक म्हणत, पोरानं सगळं अंगावर घेतलंय. आई मात्र सोप्यात भिंतीला टेकून बसलेली असायची आणि येणाऱ्या प्रत्येक बाईबरोबर पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगून रडायची. मला ते ऐकवत नव्हतं. कागदांसाठी मी जितका बाहेर होतो तितकं जाणं गरजेचं होतं का, हा प्रश्न आहे. गरजेपेक्षा जास्त होतो, असं माझं मन सांगतं.

पैशाचं बोलतो. आण्णांचं एटीएम कार्ड कपाटात होतं आणि त्याचा नंबर घरात सगळ्यांना पाठ होता. तिसऱ्या दिवशी घाटावरून परत आल्यावर माझे चुलते तात्या म्हणाले, “कार्याला खर्च हाय, काढून आणा की. नंतर खातं बंद पडलं तर हेलपाटं कशाला?” तात्या वाईट माणूस नाहीत. गावात दर दुसऱ्या घरात हेच होतं आणि त्याला कुणी चोरी म्हणत नाही. कायदा मात्र इतका सैल नाही. मयत माणसाच्या मागं राहिलेल्या मालमत्तेचा अप्रामाणिकपणे अपहार करणं हा जुन्या दंड संहितेत 404 कलमाखाली गुन्हा होता, आताच्या न्याय संहितेत 315 कलमाखाली आहे. कार्याच्या खर्चाला काढलेले पैसे त्यात बसतात की नाही, ते वकील सांगतील. मला प्रश्न वेगळा पडला. तात्या बोलले तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो ‘बापाचं ते आपलंच’ हा. ‘आपलं’ म्हणजे कुणाचं, हे त्या विचारात कुठंच नव्हतं. त्या खात्यात आईचा वाटा होता, आक्काचा होता, धाकट्याचा होता, आणि माझ्या मनानं ते सगळं एका क्षणात माझ्या खिशाला जोडून टाकलं. कार्ड कपाटातच राहिलं, पण त्यात माझा मोठेपणा काही नाही. आई समोर बसली होती, म्हणून राहिलं. ती नसती तर?

नॉमिनीचीही अशीच गत आहे. एका ठेवीवर नॉमिनी म्हणून माझं नाव होतं. ‘तुझं नाव आहे म्हणजे तुझेच पैसे’ असं मला दोघा-तिघांनी सांगितलं, आणि ते ऐकायला गोड लागलं. खरं तसं नाही. नॉमिनी हा पैसे हातात घेणारा विश्वस्त, मालक वारसच. सर्वोच्च न्यायालयानं विम्याच्या बाबतीत हे 1983 सालीच सांगितलं होतं. आण्णांनी माझं नाव घातलं ते मी थोरला, मला बँकेचं कळतं म्हणून. तो विश्वास होता, बक्षीस नव्हतं.

आणि देणं? सरकारी फॉर्म सगळे येण्याचे असतात. पेन्शन, विमा, ठेव, सोसायटीचे शेअर, कारखान्याचा शेअर, उसाचं शेवटचं बिल. मयतानं कुणाचं काय द्यायचं होतं, यासाठी कुठल्याच ऑफिसात छापील अर्ज नाही. दहाव्यानंतर एक दिवस भांगलणीला येणारी एक बाई दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही. आईशी बोलली, रडली आणि निघताना चाचरत म्हणाली, “गुरुजींकडं मागच्या भांगलणीचं बाराशे राहिल्यात. आत्ता नगं, सवडीनं द्या.” मी आण्णांची वही काढली. त्यांची वही फार नीटस. खताची पोती, पाण्याच्या पाळ्या, रोजगार, सगळं तारखेनिशी. त्या शेवटच्या आठवड्यांत मात्र ती कोरीच होती, कारण ते आजारी होते. वहीत नाही, एवढं बघून माझ्या तोंडावर काहीतरी उमटलं असणार. बाई लगेच म्हणाली, “नसंल तर ऱ्हाऊ द्या.” आई माझ्याकडं बघून म्हणाली, “दे तिचं. ती खोटं बोलायची न्हाई.” पैसे दिले. पण मी वही काढली होती. मला माझ्या बापाच्या पैशासाठी बँकेनं चार पुरावे मागितले म्हणून आठवडाभर मी चिडचिड करत होतो, आणि या बाईकडं मी पहिल्या झटक्यात पुरावाच शोधला.

हिंदू वारसा कायद्यात 2005 साली जी दुरुस्ती झाली तिनं मुलीला मुलाइतकाच वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्याच कायद्याच्या सहाव्या कलमात आणखी एक गोष्ट आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. बापाचं कर्ज निव्वळ पुत्रधर्म म्हणून मुलानं फेडलंच पाहिजे, ही जुनी सक्ती त्या दुरुस्तीनं पुढच्या कर्जांपुरती काढून टाकली. आता वारसाला जेवढं मिळालं तेवढ्यापुरतंच देणं लागतं. मला हे न्याय्य वाटतं. पण भांगलणीचे बाराशे रुपये कायद्याच्या सक्तीनं द्यायचे नसतातच. ते द्यायचे की नाही हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं, आणि न दिले तर विचारायला कुणीही येत नाही.

आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी तिचा नवा फोटो लागत होता. इस्लामपुरात स्टुडिओत घेऊन गेलो. खुर्चीवर बसल्यावर तिनं सवयीनं पदर सारखा केला, हात कपाळाकडं गेला आणि तिथंच थांबला. फोटोवाल्या पोरानं कॅमेऱ्यामागून सांगितलं, “काकू, सरळ बघा.” आण्णांच्या पेन्शनच्या कागदावर दोघांचा जोडीचा फोटो आहे, त्यात तिचं कुंकू ठळक आहे. हा नवा फोटो त्याच फाईलला लावायचा होता. मी खिशातून रुमाल काढून तोंड पुसायचं सोंग केलं. आमच्यापासून हेरवाड काही लांब नाही, शिरोळ तालुक्यात. त्या गावानं 4 मे 2022 रोजी ग्रामसभेत ठराव करून नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद केलं, आणि त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढून बाकीच्या गावांना तोच रस्ता धरायला सांगितलं. ही बातमी मी तेव्हा दहा जणांना पाठवली होती. आण्णांना घाटावर नेलं त्या दिवशी माझ्या आईच्या बांगड्या फुटल्या तेव्हा मी अंगणात होतो. आवाज आला. मी आत गेलो नाही.

आता शेताकडं येतो. आजोबा 1958 साली गेले. त्यांच्या नंतरचा फेरफार मी मागवून घेतला. वर जिल्हा ‘दक्षिण सातारा’. आमचा वाळवा तालुका आधी साताऱ्यातच होता. 1949 ला दक्षिण सातारा जिल्हा निघाला आणि 1960 ला त्याला सांगली नाव मिळालं. त्यामुळं आमच्याकडच्या घरांचे कागद शोधताना दोन्ही जिल्ह्यांची दप्तरं चाळावी लागतात. त्या पिवळ्या पडलेल्या फेरफाराची अक्षरं मी बोट ठेवून ठेवून वाचली. थोरल्या चुलत्यांचं नाव ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ म्हणून. त्यांच्याबरोबर आण्णा, तेव्हा अज्ञान. आजी आणि दोन्ही आत्या इतर हक्कात. सातबाऱ्याचा तो रकाना ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. त्याच रकान्यात सोसायटीचा बोजा असतो, विहिरीतला पाण्याचा हिस्सा असतो, कुळाची नोंद असते. माझ्या दोन आत्या पीककर्जाच्या बोजाशेजारी लिहिलेल्या होत्या. 1956 चा वारसा कायदा तेव्हा लागू झालेला होता. मुलींना बापाच्या हिश्श्यात वाटा त्यानं दिला होता. कायदा दिल्लीत झाला होता, आमच्या चावडीत पोचला नव्हता. की पोचला होता आणि कुणाला नको होता?

एक आत्या अजून हयात आहे. आण्णांच्या दहाव्याला आली होती. कावळा शिवायला वेळ लागला तेव्हा तीच पुढं होऊन म्हणाली, “माझ्या लेकरांनो, आईला बघू म्हणा, म्हंजी शिवंल.” तिच्या हक्काचं मी काय करणार आहे, हे अजून ठरवू शकलेलो नाही. ठरवलेलं नाही एवढंच आज खरं आहे.

महाराष्ट्रानं 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती केली, देशानं 2005 मध्ये केली, आणि 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं की दुरुस्तीच्या दिवशी बाप हयात असो वा नसो, मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे. कायद्यात आता शंकेला जागा राहिलेली नाही. म्हणून आता सगळा डाव हक्कसोडपत्रावर आला आहे. त्याला मुद्रांक नाममात्र लागतो, दुय्यम निबंधकाकडे अर्ध्या दिवसात काम होतं.

मी रोज साताऱ्यात ऑफिसला जाताना अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यानं जातो. साताऱ्याच्या गादीचा वारस कुणी आणि कसा नाकारला, हे इथल्या शाळकरी पोरांनाही माहीत असतं. प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी 1839 साली पदच्युत करून काशीला धाडलं. ते 1847 मध्ये तिथंच वारले. त्यांचे बंधू आप्पासाहेब 5 एप्रिल 1848 रोजी गेले. जाण्याच्या काही तास आधी त्यांनी मुलगा दत्तक घेतला होता. मुंबईचे गव्हर्नर क्लार्क यांचं मत दत्तक मान्य करावा असं होतं. गव्हर्नर जनरल डलहौसीनं ते मानलं नाही, आणि 1849 मध्ये राज्य खालसा झालं. रंगो बापूजी गुप्ते त्याआधीपासून प्रतापसिंहांची बाजू मांडत तेराएक वर्षं लंडनमध्ये दारोदार अर्ज घेऊन फिरले. या गोष्टीवर आम्हा सातारकरांचं रक्त अजून तापतं, आणि ते योग्यच आहे. वारस समोर उभा असताना कागदावर ‘वारस नाही’ लिहिणं हा अन्याय होता. पण हा अन्याय ज्याला इतका नीट कळतो त्यानं स्वतःच्या घरचा फेरफार लिहिताना काय करावं? आमच्या घरात तर वारसाला दत्तकही घ्यायचं नव्हतं. ती आक्का होती, माझ्याआधी जन्मलेली, मला कडेवर घेऊन फिरलेली.

तेराव्याच्या संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर तात्यांनीच विषय काढला. “आक्का आलीय तवर सही घेऊन टाका. पुन्हा तिला हेलपाटा नको, तुमाला बी कटकट नको.” आक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती. तिनं सगळं ऐकलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, “मला काय नको बाबा. माझं माहेर तेवढं राहू द्या.”

मी काहीच बोललो नाही. मला आत कुठंतरी हलकं वाटलं. या एका भावनेची चौकशी मी तेव्हापासून करतो आहे. हलकं का वाटलं? आक्काची जमीन लाटायचा विचार माझ्या मनात कधीच नव्हता, असं मी शपथेवर सांगू शकतो. मग हलकं वाटायला ओझं कसलं होतं? ओझं तिच्या हक्काचंच होतं. तो आहे हे मला पक्कं माहीत होतं आणि तिनंच तो सोडला तर मला वाईट न होता सगळं मिळणार होतं. माझे हात स्वच्छ राहणार होते. उद्या कुणी विचारलं तर सांगायला झालं असतं, आम्ही कुठं मागितलं, तिनंच दिलं. आणि तिनं दिलं कशापोटी? दिवाळीला भावानं न्यायला यावं, आईच्या दुखण्यात हक्कानं येऊन चार दिवस राहता यावं, यासाठी. जे तिचं आपसूक असायला हवं त्याची किंमत ती शेतानं मोजायला निघाली होती, आणि मी ती मोजू देण्याच्या बेतात होतो.

काही लोक म्हणतील, आक्का सुखवस्तू आहे, तिला शेत नको असेल तर तिच्यावर लादायचं का? नाही लादायचं. पण नको म्हणणं खरं कधी असतं? नाव लागलेलं असताना, सातबारा हातात असताना, माहेर तुटण्याचं भय नसताना ती नको म्हणाली तर ते तिचं. बापाच्या तेराव्याला, सुजलेल्या डोळ्यांनी, चुलत्यासमोर म्हणालेलं नको मी खरं मानत नाही.

कागद पुरा करायची रीत अवघड नाही. वारसाहक्कानं जमीन आली तर तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं, असं 1966 च्या जमीन महसूल संहितेचं 149 वं कलम सांगतं. आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गाव अजून तलाठीच म्हणतं. मृत्यूचा दाखला, वारसांचा तपशील आणि अर्ज. आता हे ई-हक्कवरून ऑनलाइनही होतं. वारस रजिस्टरला नोंद पडते, फेरफार धरला जातो, हरकतीला 15 दिवसांची नोटीस निघते, मंडल अधिकारी मंजूर करतो. इतकं सोपं असून पिढ्यान्‌पिढ्या मयतांची नावं सातबाऱ्यावर तशीच राहिली होती, म्हणून तर शासनाला 2025 मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढावी लागली. लोक आळशी आहेत म्हणून नावं राहिली, असं मला वाटत नाही. नोंद करायची तर सगळे वारस लिहावे लागतात. न करता मात्र कसणारा कसत राहतो आणि बाकीचे गप्प राहतात. बऱ्याच घरांत हा उशीर सोयीचा असतो.

आण्णांच्या वारस नोंदीच्या अर्जात मी आईचं नाव पहिलं लिहिलं, मग आक्काचं, मग माझं, मग धाकट्याचं. तात्या थोडे नाराज झाले. धाकटा काही बोलला नाही. त्याच्या मनात काय आहे ते मी अजून विचारलेलं नाही, विचारायला हवं, कारण शेत तो कसतो. नोंद मंजूर झाली. सातबारा आक्काला व्हॉट्सॲपवर पाठवला. तिचं उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला तो आईच्या बीपीच्या गोळ्यांबद्दल.

ज्यांच्या घरात नुकतंच कुणी गेलं आहे, आणि विशेषतः जे थोरले भाऊ आहेत, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे : अर्जात बहिणीचं नाव आपल्या हातानं लिहा, मयताचं तोंडी देणं फेडा, आणि वर्षश्राद्ध होईपर्यंत बहिणीपुढं सहीसाठी कुठलाही कागद ठेवू नका.